सासूबाईंना विकाल का? एड क्लार्क नावाच्या कॅनेडियन बँकरची गोष्ट

टोरांटोच्या टीडी बँकेचा सीईओ असताना एड क्लार्कचं एक साधं मोजमाप होतं, जी स्कीम तुम्ही स्वतःच्या सासूबाईंना घ्यायला सांगणार नाही ती बँकेच्या गिऱ्हाइकालाही सांगायची नाही. ऐकायला अगदी घरगुती वाटतं. पण २००५ साली त्यानं बँकेचा एक चांगला पैसा देणारा धंदा गुंडाळायला घेतला तो याच विचारानं, तेव्हा टीका झाली की बाकीच्या बँका कमावतायत आणि हा माणूस हातातलं सोडतोय, आणि मग तीन वर्षांनी अमेरिकेतल्या होमलोनचा डोलारा कोसळला तेव्हा सगळ्यांना कळलं की त्यानं काय सोडलं होतं ते.

मला हा माणूस फार आवडतो, आणि आवडतो तो हुशारीसाठी नाही तर "मला हे समजत नाहीये" असं मोठ्या खुर्चीत बसून म्हणण्यासाठी. म्हणून त्याचं करिअर जरा नीट उलगडून सांगतो, त्यातून कॅनडाच्या बँका कशा चालतात तेही कळेल.

आपल्याकडची पोरं शिकायला कॅनडाला जातात तेव्हा पहिलं खातं ज्या बँकेत उघडतात ती बहुतेक वेळा पाचातली एक असते, रॉयल बँक, टीडी, स्कोशियाबँक, बँक ऑफ माँट्रियाल नाहीतर सीआयबीसी. हिरव्या पाटीची ती टीडी. पूर्ण नाव टोरांटो-डोमिनियन, १९५५ मध्ये दोन जुन्या बँका एकत्र येऊन झालेली.

क्लार्कचा जन्म १९४७ चा, टोरांटोतलाच. वडील समाजशास्त्राचे प्राध्यापक, टोरांटो युनिव्हर्सिटीत त्या विषयाचं स्वतंत्र डिपार्टमेंट त्यांनी उभं केलं. पोरगा अर्थशास्त्राकडे वळला, हार्वर्डला गेला आणि पीएचडी केली ती टांझानियावर! तिथे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे १९६७ पासून समाजवादी पद्धतीनं देश उभा करायला निघाले होते, बँका सरकारी केल्या होत्या (आपल्याकडे १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ चं, म्हणजे टांझानिया आपल्या दोन वर्षं आधी), आणि सरकारचा पैसा नेमका कुठे लागतोय न त्यातून काय उभं राहतंय हा क्लार्कच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे देशातली एक मोठी खाजगी बँक चालवणारा माणूस तरुणपणी सरकारी गुंतवणुकीवर डोकं खपवत होता, हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण पैसा हा आकडा नसून त्याच्या टोकाला काहीतरी खरं असावं लागतं ही सवय तिथूनच लागली असणार.

पीएचडीनंतर तो ओटावाला केंद्र सरकारच्या नोकरीत शिरला, आणि तिथे त्याच्या हातून जे झालं त्यावरून अल्बर्टा प्रांतात अजून भांडणं होतात. १९८० चा नॅशनल एनर्जी प्रोग्रॅम. पंतप्रधान पिएर ट्रुडो, ऊर्जामंत्री मार्क लालोंद, आणि खात्यात बसून हे सगळं आखणाऱ्या अधिकाऱ्यांत क्लार्क पुढे. १९७९ ला जगात तेलाचे भाव भडकले होते. कॅनडात तेल निघतं मुख्यतः अल्बर्टात, आणि माणसं न कारखाने जास्त ऑन्टारियो आणि क्युबेकमध्ये. सरकारनं ठरवलं की देशातला भाव जगातल्या भावापेक्षा कमी ठेवायचा, तेलाच्या कमाईतला केंद्राचा वाटा वाढवायचा आणि १९९० पर्यंत तेल उद्योगातली निम्मी मालकी कॅनेडियन लोकांकडे आणायची.

आता हे आपल्याला समजायला लासलगाव पुरे आहे. बाहेर कांद्याला भाव आहे, इथे शेतकऱ्याला वाटतंय यंदा चार पैसे सुटतील, आणि दिल्लीहून निर्यातबंदी येते कारण शहरात कांदा महागलाय. त्या दिवशी नाशिकच्या शेतकऱ्याला जे वाटतं तेच अल्बर्टाला वाटलं, फक्त कांद्याच्या जागी तेल, आणि राग पुढे कित्येक वर्षं टिकला. कॅलगरीच्या तेलवाल्यांनी क्लार्कला नाव ठेवलं "रेड एड", लाल एड. १९८४ ला ब्रायन मल्रोनी निवडून आला, सरकार बदललं, आणि क्लार्कची सरकारी नोकरी गेली. वय सदतीसच्या आसपास, नावावर देशातली सगळ्यात वादग्रस्त योजना.

तिथून तो मेरिल लिंच या अमेरिकन गुंतवणूक कंपनीत गेला, मग अडचणीत आलेल्या एका फायनान्स कंपनीची आवराआवर करायचं काम घेतलं. ही वर्षं लोक पटकन ओलांडून जातात, पण बुडत्या कंपनीचे हिशोब आतून बघितलेला माणूस आणि फक्त वाढत्या कंपनीत राहिलेला माणूस यात फरक पडतोच. १९९१ ला तो कॅनडा ट्रस्टमध्ये आला आणि १९९४ ला तिथला सीईओ झाला.

कॅनडा ट्रस्ट ही कायद्यानं बँक नव्हती, ट्रस्ट कंपनी होती. म्हणजे कसं, आपल्याकडची एखादी हाउसिंग फायनान्स कंपनी समजा जी घरासाठी लोन देते, पण जिच्या काउंटरवर तुमचं सेव्हिंग खातंही चालतं. मूळ १८६४ सालचं, ऑन्टारियोतल्या लंडन गावचं. तिची ओळख होती ती वेळ: सकाळी ८ ते रात्री ८, आठवड्याचे सहा दिवस. बाकीच्या बँका दुपारीच शटर ओढायच्या त्या काळात नोकरी करणारा माणूस संध्याकाळी घरी जाताना इथे काम उरकू शकायचा. एटीएमला त्यांनी चक्क गायक जॉनी कॅशचं नाव दिलं होतं! साधी माणसं, पगार जमा करणारी, घराचं लोन घेणारी, त्यांच्यावरच सगळा धंदा. ही सोय ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

मध्येच थोडं कॅनडाच्या बँकांबद्दल, नाहीतर पुढचं लागणार नाही. एवढ्या मोठ्या देशात मोठ्या बँका पाचच का? तर तिथे सुरुवातीपासूनच थोड्या पण देशभर ब्रांच असलेल्या बँका वाढल्या, अमेरिकेसारखी गावोगावी एकेक छोटी बँक असं झालं नाही. त्याचा फायदा असा की एका भागात पीक बुडालं तरी दुसऱ्या भागातली कमाई बँकेला तारते. १९३० च्या मंदीत अमेरिकेत हजारो बँका बुडाल्या, कॅनडात एकही नाही. पण असं नाही की तिथे कधी काही बुडतच नाही, १९८५ ला अल्बर्टातल्या दोन बँका बुडाल्या, तेलाचा न जमिनीचा भाव पडल्यावर, आणि त्यानंतर १९८७ ला बँकांवर नजर ठेवणारं नवीन सरकारी ऑफिस स्थापन झालं.

१९९८ ला या पाचातल्या चार बँकांना एकमेकींशी लग्न लावायचं होतं, रॉयल बँक आणि बँक ऑफ माँट्रियाल एक जोडी, सीआयबीसी आणि टीडी दुसरी. डिसेंबरमध्ये अर्थमंत्री पॉल मार्टिननं दोन्ही नाकारल्या, पाचाच्या तीन झाल्या तर गिऱ्हाइकाला जायला जागा कुठे उरणार. मग टीडीनं दुसरा रस्ता धरला, कॅनडा ट्रस्टच विकत घ्यायची, सुमारे ८ अब्ज कॅनेडियन डॉलरला, आणि २००० च्या फेब्रुवारीत ते झालंसुद्धा.

सहसा मोठी कंपनी छोटीला घेते तेव्हा छोटीची माणसं न पद्धत दोन-तीन वर्षांत पुसून जाते. इथे उलटं झालं, ब्रांचचं काम कॅनडा ट्रस्टच्या माणसांच्या हातात गेलं, पाट्यांवर टीडी कॅनडा ट्रस्ट असं नाव आलं, आणि क्लार्क अख्ख्या टीडीचा प्रेसिडेंट झाला. २००२ च्या शेवटी सीईओ. खुर्ची मिळाली तीही वाईट वेळी, कारण टीडीनं टेलिकॉम कंपन्यांना वगैरे भरमसाट कर्जं दिली होती, फुगा फुटला, आणि २००२ चं वर्ष बँकेनं तोट्यात संपवलं. क्लार्कनं मोठ्या कंपन्यांची कर्जं कमी करत आणली आणि बँक साध्या गिऱ्हाइकाकडे वळवली.

आणि मग ते २००५. टीडीचा जगभर पसरलेला एक विभाग होता, स्ट्रक्चर्ड प्रॉडक्ट्सचा. शब्द ऐकून घाबरू नका, हापूसच्या पेटीनं समजावतो.

समजा देवगडपासून रत्नागिरीपर्यंत शंभर बागांतून शंभर पेट्या आल्या. प्रत्येक पेटीत वरचा थर एक नंबर, मधला बरा, आणि तळाचा थर डागी, त्याला गिऱ्हाईक नाही. होमलोनचंही असंच करतात, हजारो लोकांची लोन एका पेटीत भरायची, येणारे हप्ते आधी वरच्या थरवाल्यांना, मग मधल्यांना, उरलं तर तळाला. वरच्याला व्याज कमी पण धोका कमी, तळाला व्याज जास्त कारण हप्ते थकले तर पहिला फटका त्याला. इथपर्यंत ठीक आहे, यात काही गैर नाही. आता कोणीतरी डोकं चालवलं, शंभर पेट्यांतले तळाकडचे आंबे काढले, त्यांची एक नवीन पेटी भरली, आणि त्या नवीन पेटीतही वरचा थर, मधला थर, तळ असं करून वरच्या थरावर पुन्हा "एक नंबर" शिक्का मारला. शिक्का मारणाऱ्या रेटिंग कंपन्या, आणि त्यांचं म्हणणं असं की हे शंभर वेगवेगळ्या बागांतले आंबे आहेत, सगळे एकाच दिवशी थोडेच सडणार. गणित बरोबर होतं, पण एक गोष्ट धरली नव्हती, अवकाळी पाऊस. अवकाळी आला तर तो देवगडलाही पडतो न रत्नागिरीलाही. अमेरिकेत २००६ नंतर घरांचे भाव एकदम देशभर उतरायला लागले तो हा अवकाळी, आणि त्या एक नंबर शिक्क्याच्या पेट्या वरपासून खालपर्यंत एकदम गेल्या.

क्लार्कला पाऊस येणार हे माहीत होतं असं मी म्हणत नाही, कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. त्यानं काय केलं तर ही प्रॉडक्ट्स बनवणाऱ्या आपल्याच माणसांना समोर बसवून तासन्‌तास समजून घेतलं, स्वतः हार्वर्डचा अर्थशास्त्री, आकड्यांना घाबरणारा नाही, आणि त्याला दिसलं की इथे मधलं काही नाहीये, एकतर सगळे पैसे परत येतील नाहीतर काहीच येणार नाही. साध्या लोनमध्ये शंभरातले दोन-चार लोक बुडवतात, बाकीचे फेडतात, ते बँकर पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आलेत. पण सगळं किंवा काहीच नाही, असा धोका घेऊन बँक चालवायची? आणि वर कोणाला विचारलं की हे समजतंय का तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवणार. स्वतःला तो जुन्या वळणाचा बँकर म्हणायचा, जे आपल्याला कळत नाही ते वरच्या कोणाला तरी कळत असेल अशा भरवशावर करायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

टीडीनं तो धंदा बंद करायला घेतला, बंद करतानाही पैसे गेले. पण २००८ च्या पहिल्या तिमाहीत शेजारच्या सीआयबीसीनं अमेरिकन होमलोनशी जोडलेल्या कागदांपायी जवळजवळ दीड अब्ज डॉलरचा तोटा दाखवला तेव्हा टीडीच्या नावावर त्यातलं फारसं काही नव्हतं. अगदी स्वच्छ पाटी होती असंही नाही हां, त्याच वर्षी इंग्लंडमधल्या लंडनच्या ऑफिसात एका सीनियर ट्रेडरनं चुकीचे भाव लावल्याचं निघालं आणि साडेनऊ कोटी डॉलरच्या आसपास फटका बसला, म्हणजे नियम केला तरी कोपऱ्यात कोणीतरी काहीतरी करत असतंच.

सगळं श्रेय एकट्या क्लार्कला देणंही चूक आहे. कॅनडात घर घेताना स्वतःचे पैसे कमी भरले तर लोनचा विमा काढावाच लागतो, तो बहुतेकदा सरकारी कंपनीचा. होमलोनच्या व्याजावर टॅक्समध्ये सूट नाही, म्हणून लोक लोन लवकर फेडायला बघतात. बहुतेक प्रांतांत घराची किल्ली बँकेला दिली म्हणजे सुटलो असंही होत नाही. आणि बँका बरीचशी लोन स्वतःच्याच वहीत ठेवतात, त्यामुळे देताना नीट बघतात. तरीसुद्धा २००८ च्या संकटात सरकारी विमा कंपनीनं बँकांकडून सुमारे ६९ अब्ज डॉलरची विमा काढलेली होमलोन विकत घेतली, हातात रोकड राहावी म्हणून. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या यादीत त्या काळात कॅनडाच्या बँका सलग काही वर्षं जगात सगळ्यात भक्कम म्हणून पहिल्या आल्या, ते खरंय, पण ६९ अब्जाचा हा टेकूही सांगायलाच हवा.

संकटात इतर लोक पडत असताना टीडी अमेरिकेत वाढत होती. २००५ ला मेन राज्यातल्या बँकनॉर्थचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा, मग उरलेला, आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीची कॉमर्स बँक, साडेआठ अब्ज अमेरिकन डॉलरला. किंमत जास्त दिली म्हणून ओरड झाली. पण क्लार्कनं काय बघितलं असेल ते मला कॅनडा ट्रस्टवरून कळतं, कॉमर्सच्या ब्रांच आठवड्याचे सातही दिवस उघड्या असायच्या, लोकांनी घरची चिल्लर आणून मोजायला मशीन ठेवलेलं, आणि ब्रीदवाक्यच "अमेरिकेतली सगळ्यात सोयीची बँक". ८ ते ८ वालीच बँक, फक्त सरहद्दीच्या पलीकडे. ते ब्रीदवाक्य टीडीनं ठेवलं. काही वर्षांत टीडीच्या ब्रांच कॅनडापेक्षा अमेरिकेत जास्त झाल्या.

या काळात "रेड एड" अधूनमधून डोकं वर काढायचा. २०१० ला त्यानं उघडपणे सांगितलं की सरकारची तूट भरून काढायला आमच्यासारख्यांचे टॅक्स वाढवा, मोठ्या कंपन्यांच्या बाकी प्रमुखांचंही तेच म्हणणं आहे, आणि सत्तेतला पक्ष त्याच्यावर तुटून पडला. अजून एक गोष्ट, बँकेत समलिंगी जोडीदारांना सवलती आधीपासून होत्या, पण त्या घेणारे लोक फारच थोडे, तर त्यानं विचार केला की लोक नाहीत असं नाही, लोक घाबरतायत, आणि मग टीडी उघडपणे त्यांच्या बाजूनं उभी राहिली, टोरांटोच्या प्राइडला, म्हणजे त्यांच्या दरवर्षीच्या उत्सवाला, पैसे दिले, तेही अशा वेळी जेव्हा बाकी मोठ्या कंपन्या लांब राहायच्या.

२०१४ च्या १ नोव्हेंबरला तो निवृत्त झाला. नंतर ऑन्टारियोच्या प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री, कॅथलीन विन यांना सल्ला द्यायचं काम घेतलं, सरकारी वीज कंपनी हायड्रो वनचे शेअर विकायची शिफारस त्याच्याच समितीची, आणि किराणा दुकानात बियर मिळायला लागली तीही. २०१७ ला एआयसाठी व्हेक्टर इन्स्टिट्यूट निघाली तिचा अध्यक्ष झाला.

टीडीत त्याच्या जागी आला भरत मसरानी. गुजराती घरातला, जन्म युगांडाचा, १९७२ ला इदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला त्यात यांचं घरही निघालं, आधी इंग्लंड, मग कॅनडा. १९८७ ला टीडीत लागला आणि चढत चढत क्लार्कच्या वेळी रिस्कचा प्रमुख, मग अमेरिकेतल्या धंद्याचा प्रमुख. त्याच्याच सीईओपदाच्या काळात ती सोय उलटली.

कसं ते थोडक्यात. आपल्याकडे मोठी रोख रक्कम भरली की पॅन मागतात, अमेरिकेत १० हजार डॉलरच्या वर रोख भरली की बँकेला सरकारला कळवावं लागतं, आणि व्यवहार संशयास्पद वाटला तर रक्कम कितीही असो वेगळं कळवावं लागतं. रोज लाखो व्यवहार होतात, माणूस बघू शकत नाही, म्हणून सॉफ्टवेअर लागतं आणि त्यावर बसलेली माणसं लागतात. टीडीनं अमेरिकेत या कामावर खर्च वाढवायचा नाही असं धोरण ठेवलं, सॉफ्टवेअर जुनंच, कित्येक प्रकारचे व्यवहार तपासलेच जात नव्हते. अमेरिकन सरकारच्या म्हणण्यानुसार २०१९ ते २०२३ मध्ये तीन टोळ्यांनी टीडीच्या खात्यांतून ६७ कोटी डॉलरच्या वर काळा पैसा फिरवला, एकजण तर पिशव्या भरभरून रोख काउंटरवर आणायचा आणि कर्मचाऱ्यांना गिफ्ट कार्डं वाटायचा. १० ऑक्टोबर २०२४ ला बँकेनं गुन्हा कबूल केला, दंड सगळा मिळून ३ अब्ज डॉलरच्या वर, आणि अमेरिकेचे ॲटर्नी जनरल मेरिक गार्लंड त्या दिवशी बोलले त्याचा अर्थ असा, की गुन्हेगारांची सोय करता करता ही बँक स्वतः गुन्हेगार झाली. सोय हाच शब्द.

ही वर्षं क्लार्कच्या नंतरची आहेत, त्याच्या माथी मारणं योग्य नाही. पण मला वाटतं त्याचं सासूबाईंचं मोजमाप बँक काय विकते यापुरतं होतं, काउंटरवर पैसे घेऊन कोण येतंय हा प्रश्न वेगळा, आणि ८ ते ८ उघड्या दारातून आत येणाऱ्यांकडे बघायलाही माणसं ठेवावी लागतात, त्यांचा पगार कुठल्याच वर्षी नफा दाखवत नाही म्हणून तो वाचवावासा वाटतो.

दंडाबरोबर अजून एक शिक्षा आहे ती जास्त जड. अमेरिकेतल्या टीडीच्या मालमत्तेवर, म्हणजे मुख्यतः दिलेली कर्जं आणि केलेली गुंतवणूक यांच्या बेरजेवर, ४३४ अब्ज डॉलरची मर्यादा घातलीय, दुकान चालवा पण गोदाम वाढवायचं नाही असं समजा. १ फेब्रुवारी २०२५ ला मसरानीच्या जागी रेमंड चुन आला, आणि त्याला ती अमेरिकन बँक त्या रेषेच्या आत ठेवूनच चालवायची आहे.